सनद आणि मुतालिकी

(नायगाव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वैशाखाच्या या दिवसांत, उन्हे कलून खाडीवरचा वारा मिठागरांवरून गावात शिरू लागला की, ज्या घरात बारावी झालेले मूल आहे त्या घरात एक अस्वस्थ शांतता पसरते. चाळीस वर्षे येथे दवाखाना चालविल्यामुळे, ज्यांच्या गोवर-कांजिण्या मी पाहिल्या तीच माणसे आता आपल्या मुलांच्या भवितव्याची कैफियत घेऊन माझ्याकडे येतात, आणि गेली काही वर्षे त्या कैफियतीत एक प्रश्न वरचेवर येऊ लागला आहे: "डॉक्टर, नीटमध्ये गुण कमी पडले. फिजिशियन असिस्टंट म्हणून चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे म्हणतात. मुलीला तिकडे घालू, की आणखी एक वर्ष घरी बसवून पुन्हा परीक्षा देऊ दे?"

आरंभी मी या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देत असे. "पुन्हा बसवा," असे मी म्हणे, आणि पुढच्या रोग्याला आत बोलावी. हे उत्तर विचार न करता दिलेले होते, हे मला जेव्हा उमगले तेव्हा मी डॉक्टरच्या खुर्चीत नव्हतो, रुग्णाच्या खाटेवर होतो. म्हणून आधी त्या खाटेवरची हकिगत सांगतो.

चार वर्षांपूर्वी मुंबईतील एका रुग्णालयात माझ्यावर हृदयाच्या धमन्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारद नामांकित होते, हात सिद्ध होता, आणि त्यांच्या वाट्याला येणारे रोगी इतके होते की माझ्या खाटेपाशी ते रोज चार-पाच मिनिटांहून अधिक थांबू शकत नसत. दिवसरात्रीच्या उरलेल्या वेळात माझ्याजवळ वावरणारा, माझ्या पायातील जी शीर काढून हृदयाला जोडली ती स्वतःच्या हाताने काढणारा, पहाटे रक्ताचे अहवाल ताडून सकाळच्या फेरीसाठी टिपण तयार ठेवणारा एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण होता, आणि त्याचा हुद्दा फिजिशियन असिस्टंट असा होता. दुसऱ्या रात्री शेजारच्या खाटेवरील गृहस्थांच्या छातीतून काढलेल्या नळीवाटे बाटलीत उतरणारे रक्त एकाएकी थांबले. रक्तस्राव थांबला म्हणजे बरेच झाले, असे कोणासही वाटावे. परंतु तो तरुण आला, त्याने प्रथम बाटलीकडे पाहिले, मग त्या गृहस्थांच्या मानेवरील शिरांकडे, मग रक्तदाबाच्या आकड्याकडे, आणि नळी बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली दाबत नेत असतानाच त्याने परिचारिकेला तासाभरात लघवी किती झाली ते विचारले. नंतर त्याने शल्यविशारदांना फोन लावला. त्याचे शब्द मी अंथरुणावरून ऐकले: "सर, ड्रेन बंद पडला आहे, प्रेशर पंचाहत्तरवर आले आहे, मानेच्या शिरा फुगल्या आहेत. तुम्ही यावे." हृदयाभोवती रक्त साकळून हृदयच आवळले जाण्याची ती लक्षणे होती. शल्यविशारद आले, रोग्यास पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले, आणि तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ माझ्याशी बोलू लागले.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. छाती पुन्हा उघडावी की नाही हा निर्णय त्या तरुणाचा नव्हता, आणि तो घेण्याचा मोहही त्याने दाखविला नाही. पण निर्णयाची घटका आली आहे हे ओळखण्याचे काम सर्वस्वी त्याचे होते, आणि ते त्याने केले नसते तर शल्यविशारदाचे सारे कौशल्य घरी झोपून राहिले असते. घरी जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला विचारले, "डॉक्टर झालो नाही याचे वाईट वाटते का?" तो म्हणाला, "कामावर असताना नाही वाटत, काका. लग्नकार्यात कोणी 'म्हणजे तू नक्की कोण?' असे विचारले की वाटते."

त्या मुलाचा हुद्दा समजावून सांगण्यासाठी आपल्याच इतिहासात एक उत्तम शब्द आहे. मराठी राज्यात प्रधानांना मोहिमांवर जावे लागे, आणि अशा वेळी दरबारी त्यांचे काम पाहण्यासाठी मुतालिक नेमलेला असे. मुतालिक म्हणजे कारकून नव्हे. धन्याचा शिक्का त्याच्या हाती असे, कागद तो वाचीत असे, कारभार तो हाकीत असे. परंतु शिक्क्यावरचे नाव धन्याचे असे. फिजिशियन असिस्टंटची विद्या ही मुतालिकीची विद्या आहे, आणि डॉक्टरची विद्या ही स्वतःच्या सनदेची विद्या आहे. ज्याला हा भेद नीट उमगला त्याला पुढचा निर्णय जड जाऊ नये. पण तो उमगण्याच्या आड आपला एक जुना समज येतो, तो असा की या दोन वाटा म्हणजे एकाच जिन्याच्या वरच्या-खालच्या पायऱ्या आहेत.

हा समज कोठून आला हे पाहू गेल्यास फार मागे जावे लागते. डॉ. जॉन मॅक्लेनन यांनी १८२६ साली मुंबईत एतद्देशीय तरुणांना वैद्यक शिकविण्याची शाळा काढली, ती १८३२ साली बंद पडली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि त्याच्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजींसारखा प्रज्ञावंत निघाला. पुढे १८७८ साली पुण्यास बैरामजी जीजीभॉय मेडिकल स्कूल स्थापन झाले, ज्याचा मुख्य हेतू हॉस्पिटल असिस्टंट तयार करणे हा होता. कॉलेजचा पदवीधर आणि स्कूलचा असिस्टंट असे दोन वर्ग असे पडले. तालुक्याच्या दवाखान्यात, छावणीत, साथीच्या मुलखात प्रत्यक्ष जाऊन राहणारा माणूस बहुधा दुसऱ्या वर्गातला असे. पगार कमी, मान कमी, बदलीचा हुकूम मात्र कोणत्याही वेळी.

हा भेद नाहीसा करण्याचे काम ज्यांच्या नावाशी जोडले गेले ते सर जोसेफ भोर आपल्याच मुलखातले, नाशिकास जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. त्यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. त्या वेळी देशात नोंदलेले डॉक्टर सुमारे ४७,५०० होते आणि त्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश लायसेन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी परवान्याचा अल्प अभ्यासक्रम केलेले होते. यापुढे देशात एकाच दर्जाचा, पूर्ण शिक्षण घेतलेला डॉक्टर असावा, अशी शिफारस समितीने बहुमताने केली. काही सभासदांनी भिन्नमत नोंदविले आणि लायसेन्शिएटांचे शिक्षण इतक्यात बंद करू नये असे सांगितले. त्याच १९४६ साली पुण्याच्या स्कूलचे कॉलेज झाले. बहुमताचा हेतू उदात्त होता यात मला तिळमात्र शंका नाही. खेड्यातल्या माणसाचा जीव दुय्यम नाही, मग त्याचा डॉक्टर दुय्यम का असावा, या प्रश्नाला आजही उत्तर देणे कठीण आहे. परंतु नवा पूर्ण डॉक्टर शहरात राहिला, जुना असिस्टंट निवृत्त झाला, आणि मधली जागा रिकामी पडली.

रिकामी जागा रिकामी राहत नाही. मी दवाखाना उघडला तेव्हा माझ्याकडे एक कंपाउंडर होते. मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची पट्टी कातरून डोसाच्या खुणा त्यांच्याइतक्या सुबक करणारा माणूस मी पाहिला नाही. अकरा वर्षांनी ते गेले आणि दूरच्या एका गावात स्वतःच्या नावापुढे 'डॉक्टर' लावून बसले. एका रात्री त्या गावचे एक बालक माझ्याकडे आणले गेले. न्यूमोनियाने त्याची बरगडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, आणि चार दिवस त्याला फक्त ताप उतरविणारी सुई मिळत होती. ते मूल वाचले नाही. त्या माणसाला दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण त्यांना जे येत होते ते मीच शिकविले होते, आणि जे येत नव्हते त्याची सीमा कोणत्याही शाळेने वा कायद्याने त्यांना आखून दिली नव्हती. रुग्णालयातला तो तरुण फोनकडे वळला आणि हे गृहस्थ वळले नाहीत. हा फरक बुद्धीचा नाही. एकाला सीमा शिकविली गेली होती आणि सीमेपलीकडे उभा असलेला एक धनी होता.

अमेरिकेत ही मधली जागा निराळ्या वाटेने भरली गेली. ड्यूक विद्यापीठातील डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली नौदलात वैद्यकीय सेवा केलेल्या चार जणांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि तेथे आज हा एक प्रतिष्ठित व्यवसाय आहे. आपल्याकडे १९९२ साली मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांनी त्याची सुरुवात केली, ती हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी हाताशी विश्वासाची माणसे हवीत या गरजेतून. कायद्याचे छत्र मात्र फार उशिरा आले: २०२१ साली संसदेने संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा अधिनियम केला, आणि त्याच्या अनुसूचीत या व्यवसायाचे नाव नोंदले गेले. त्या अधिनियमाप्रमाणे आरोग्यसेवा व्यावसायिकाचे पदवीशिक्षण किमान ३,६०० तासांचे आणि तीन ते सहा वर्षांत विभागलेले असले पाहिजे.

शिक्षण मोजके असूनही माणूस किती मोठे काम करू शकतो याचा दाखला पाहावयाचा असेल तर गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले, नवजात बालकाचे वजन, श्वास, जंतुसंसर्गाची लक्षणे पारखावयास आणि ठरलेले औषध टोचावयास शिकविले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. त्या स्त्रियांनी डॉक्टर असल्याचा दावा कधी केला नाही. त्यांना काय करावयाचे आणि कोठे थांबावयाचे, दोन्ही ठाऊक होते.

नाव ही क्षुल्लक गोष्ट मानू नका. इंग्लंडात फिजिशियन असिस्टंटांचे नाव २०१४ साली 'असिस्टंट'वरून 'असोसिएट' असे करण्यात आले. रोग्यांना समोरचा माणूस डॉक्टर आहे की नाही हेच कळेनासे झाले, मोठा वाद माजला, आणि २०२५ च्या जुलैत प्रा. जिलियन लेंग यांच्या चौकशी-अहवालाने पुन्हा 'असिस्टंट' हेच नाव ठेवावे अशी शिफारस केली. सहायक म्हणवून घेण्यात कमीपणा वाटत असेल तर या वाटेला जाऊ नये, असे मी मुलांना स्पष्ट सांगतो.

आता ज्या प्रश्नासाठी आपण आलात त्याकडे वळतो. डॉक्टर होण्यास साडेपाच वर्षे लागतात, त्यात एक वर्ष आंतरवासितेचे. त्यावर पदव्युत्तर तीन, आणि हृदयशल्यासारख्या शाखेत आणखी तीन. सहायकाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि त्यावर एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे बाविसाव्या वर्षी मूल मिळविते होते. ज्या घरात धाकटी भावंडे शिकावयाची आहेत त्या घराला याचे मोल मी सांगावयास नको. परंतु दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे ऐका. सहायकाला नायगाव स्टेशनसमोर स्वतःचा दवाखाना काढता येणार नाही, स्वतःच्या अधिकाराने औषध लिहून देता येणार नाही, आणि चार वर्षे झाल्यावर मागच्या दाराने डॉक्टरही होता येणार नाही. त्यासाठी पुन्हा नीटच द्यावी लागेल आणि पहिल्या वर्षापासून शिकावे लागेल. नोकऱ्या बहुतेक खासगी रुग्णालयांत, आणि म्हणून मोठ्या शहरांत. ज्या आपल्याच जिल्ह्यात एका टोकाला वसई-विरारची महानगरपालिका आणि दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे पाडे आहेत, तेथे जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयासारख्या ठिकाणी अशी शिकलेली मुतालिक मंडळी डॉक्टरांच्या हाताखाली नेमण्याची तजवीज सरकारने करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. तोपर्यंत या विद्येचा लाभ ज्यांना सर्वाधिक हवा त्यांच्यापर्यंत ती पोचणार नाही.

म्हणून माझा निर्णय असा. ज्या मुलाला अखेरचा शब्द आपला असावा अशी ओढ आहे, चूक झाली तर ती आपल्या नावावर घेण्याची तयारी आहे, त्याने गुण कमी पडले तरी आणखी एकदा नीट द्यावी; त्याने सहायक होऊ नये, कारण तो जन्मभर दुसऱ्याच्या शिक्क्याकडे पाहून कष्टी होईल. आणि ज्याला रोग्याच्या उशाशी बसणे, हाताने काम करणे, बारकावा टिपणे मनापासून आवडते आणि निर्णयाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर असण्यात ज्याला कमीपणा वाटत नाही, त्याने पहिल्याच वर्षी खुशाल सहायकाची वाट धरावी, नापास डॉक्टर म्हणून नव्हे.

पालकांना एक विनंती. प्रवेश घेण्यापूर्वी ते महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, त्याला स्वतःचे रुग्णालय आहे का, त्यात खाटा किती आहेत आणि विद्यार्थी रात्रपाळीला उभा राहतो की नाही, हे स्वतः जाऊन पाहा. ज्या ठिकाणी रोगीच नाहीत तेथे फी कितीही कमी असली तरी पाऊल ठेवू नका. आणि मुलाला माझ्याकडे आणावयाचे असेल तर निकालानंतर, अर्जाची मुदत संपण्यापूर्वी, कोणत्याही संध्याकाळी आणा. मात्र आत त्याला एकट्याला पाठवा, आपण बाहेरच्या बाकावर बसा.