'ओईर' : कानांवर पडणें

श्रोतेहो, या क्षणीं माझे शब्द आपल्या कानांवर पडत आहेत. या क्रियेसाठीं स्पॅनिश भाषेंत 'ओईर' हें क्रियापद आहे. लॅटिन 'आउदिरे'चा हा वंशज दिसावयास लहान, पण मोठा हट्टी. 'मी'साठीं 'ओइगो', पडणें या अर्थाच्या 'काएर'चें 'काइगो' होतें, तसाच हा आगंतुक 'ग'. 'तूं'साठीं 'ओयेस', 'तो'साठीं 'ओये'; येथें 'य' शिरतो. 'आम्ही'साठीं 'ओईमोस' म्हणतांना दोन्ही पाहुणे निघून जातात.

मराठी माणसाची खरी अडचण निराळीच. 'मला घंटा ऐकूं येते' या वाक्यांत घंटा कर्ता. आपण चतुर्थींत स्वस्थ. स्पॅनिशमध्यें ऐकणाराच कर्ता : 'ओइगो ला काम्पाना'. संवयीनें 'मला' आठवून 'मे ओइगो' म्हटलें, कीं 'मी माझाच आवाज ऐकतों' असा अर्थ होतो! लक्षपूर्वक ऐकण्यास 'एस्कुचार' हें वेगळें क्रियापद आहे. तें बिचारें सरळ चालतें.

हांक मारतांना तर फारच जपावें. 'ओये' म्हणजे आपलें 'अरे' किंवा 'अग', 'ओइगा' म्हणजे 'अहो'. परक्या वृद्ध गृहस्थास 'ओये' म्हटल्यास व्याकरण शुद्ध राहतें, पण शिष्टाचार बुडतो. स्पेनमध्यें टेलिफोन उचलणारा 'दिगा', म्हणजे 'बोला', म्हणतो; पलीकडून 'ओइगा' येतें.

रेडिओच्या श्रोत्यास त्या भाषेंत 'ओयेन्ते' म्हणतात. हा शब्द 'ओईर'पासून निघाला आहे, 'एस्कुचार'पासून नव्हे. वक्त्यानें त्याचें किती वाईट वाटून घ्यावें, हें आपणच ठरवावें.