मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा का?

मी रोज सहा-सात तास मराठीत टाइप करतो, म्हणून मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचं मनात आहे. पण आमचं घर वन रूम किचन. रात्री मी काम करतो तेव्हा दोन हातांवर बाबा झोपलेले असतात, आणि पहाटे त्यांना ड्यूटीवर जायचं असतं.

आता फरक बघा. साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबर असतं. बटण जवळजवळ तळापर्यंत दाबावं लागतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच, स्वतःची स्प्रिंग. चेरी एमएक्स रेड एकूण ४ मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटतं. सवय झाली की बोटं आपटावी लागत नाहीत.

ब्राउनमध्ये मध्येच हलकासा अडथळा जाणवतो. ब्लू मुद्दाम टिकटिक करतो. व्हिडिओत भारी वाटतो, पण आमच्या घरात नको! सायलेंट रेडमध्ये आपटण्याचा आवाज बराच दबतो.

बटणांवर देवनागरी नसली तरी अडत नाही. इनस्क्रिप्ट कॉम्प्युटरच्या सेटिंगमधून चालू होतं.

तर माझं ठरलं, सायलेंट रेडच. तुम्ही दिवसाला चार मेल लिहीत असाल, तर पैसे ठेवा खिशात. आणि घ्यायचाच असेल, तर आधी बघा, शेजारी कोण झोपतंय!