अवजलाची वकिली



कोकणातल्या बहुतेक नद्या शिमगा उलटला की आटतात. उल्हास मात्र मे महिन्यातही वाहते, आणि बदलापूरकरांना त्याचे नवल वाटत नाही. हे पाणी उल्हासचे स्वतःचे नाही. मावळातल्या आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. ती नदी आपल्या वाटेने गेली असती तर इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळाली असती. १९२२ पासून ते पाणी सह्याद्रीवरून भिवपुरीच्या टाटा वीजगृहात उतरते, वीज करते आणि पेज नदीवाटे उल्हासला येते. वीज करून उरलेल्या पाण्याला आपण अवजल म्हणतो. पुढे कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांच्या वीजप्रकल्पांसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली : कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. बदलापूरच्या बंधाऱ्यावर उन्हाळ्यात जे पाणी उचलले जाते, त्यामागे एक वीजगृह आणि एक निवाडा उभा आहे. तरीही वीज कायदा वेगळा विषय आणि पाणी कायदा वेगळा, असे आपण वकील समजतो.

ऊर्जा आणि नैसर्गिक संसाधनांचा वकील म्हटले की कोळशाच्या खाणी, तेलविहिरी आणि दिल्लीतली मोठी दालने डोळ्यांसमोर येतात. ते चित्र खोटे नाही, अपुरे आहे. माझे म्हणणे असे की या वकिलीचे खरे भांडवल कलमांचे पाठांतर नसून मोजमाप वाचण्याची सवय आहे, आणि ती सवय लावायला उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरसारखी शाळा नाही. दाभोळचे उदाहरण घ्या. एन्रॉनच्या त्या वीजप्रकल्पावर महाराष्ट्रात सभा झाल्या, मोर्चे निघाले, सरकारे बदलली. १९९५ मध्ये करार रद्द झाला आणि वर्षभरात नव्या रूपात परतला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये थंडावला. राज्य वीज मंडळाला जड गेले ते कराराचे सूत्र. वीज घ्या अथवा न घ्या, संच उपलब्ध आहे एवढ्यावर स्थिर आकार द्यायचा, तोही डॉलरशी बांधलेला. हे सूत्र भाषणांत सापडत नव्हते, परिशिष्टांत होते. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने ती परिशिष्टे आकडेमोड करून वाचली. त्या मंडळींत अभियंते होते. वकिलांनी याची थोडी लाज बाळगायला हरकत नाही.

आता वालधुनी नदीकडे या. काठावर शके ९८२ चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर आणि खाली रोज रंग बदलणारे पाणी. ‘वनशक्ती’च्या अर्जावर हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने २०१५ मध्ये स्थानिक संस्था आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांच्यावर मिळून ९५ कोटींचा दंड ठोठावला. आकडा मोठा, बातमीही मोठी झाली. पण प्रदूषणाचा फौजदारी खटला जिंकला किंवा हरला जातो तो एका बाटलीवर. जल अधिनियम १९७४ चे कलम २१ काढून पाहा. नमुना घेणाऱ्या अधिकाऱ्याने तो तपासायचा असल्याची नोटीस जागच्या जागी द्यायची. कारखानदाराने मागणी केली तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या सीलबंद करायच्या, खुणा घालून त्यावर दोघांनी सह्या करायच्या. यात चूक झाली तर पृथक्करणाचा अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. नाल्याकाठी नाक दाबून उभे राहिलेल्या माणसाला दुर्गंधीचा पुरावा लागत नाही. न्यायालयाला सीलच लागते. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सीओडी (रासायनिक प्राणवायू मागणी) लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आत असावा हे मानक, आणि त्या बाटलीवरची लाख, या दोहोंमधले अंतर ज्याला कळते तो या क्षेत्राचा वकील. नोटीस बजावणाऱ्याचा असो वा नोटीस आलेल्याचा.

आक्षेप येईल की अशा कारवाईने पोटे मारली जातात. उल्हासनगरचे जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. त्याच अधिनियमातले कलम ३३ अ प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारखाना बंद करण्याचा आणि त्याची वीज व पाणी तोडायला लावण्याचा अधिकार देते. पाणी नासवल्याची शिक्षा म्हणून मीटर तुटतो, तेव्हा वीज आणि पाणी हे दोन विषय एकाच कलमात भेटतात. कामगाराची चूल विझते हे मी नाकारत नाही. पण त्या दुःखाचे कारण कलम नाही, उशीर आहे. संमतीपत्राच्या अटी पहिल्याच वर्षी कोणी मालकाला समजावून दिल्या असत्या, गाळ आणि रंग यांचा खर्च धुलाईच्या दरात धरायला लावला असता, तर बंदीच्या आदेशापर्यंत गोष्ट जातीच ना. हे काम वकिलाचेच आहे, आणि त्याची फी खटल्याच्या फीपेक्षा कमी असते. म्हणूनच बहुधा ते होत नाही.

दुसरा आक्षेप व्यावहारिक : न्यायाधिकरण पुण्याला, वीज नियामक आयोग कफ परेडला, आणि आपण कल्याण-उल्हासनगरच्या न्यायालयांत. खरे आहे. पण नदी, मीटर, कारखान्याचे दप्तर आणि पंचनाम्याचे साक्षीदार इथेच आहेत. मुंबईचा वकील यासाठी इथे माणूस धाडतो. तो माणूस आपल्यापैकी एखादा तरुण का नसावा? कमाईचे म्हणाल, तर सुरुवातीची काही वर्षे भाडेकरार आणि चेक बाउन्सच्या दाव्यांवर काढावी लागतील, हे आधीच सांगून टाकतो.

एक काम तर अजून कोणी हाती घेतलेलेच नाही. जलविद्युत संच मागणी वाढते त्या वेळी चालवायचे असतात. दुपारी सौर वीज मुबलक झाली, तर भिवपुरीचे संच संध्याकाळकडे सरकण्याचा संभव आहे, आणि अवजलही त्याच तासांना येईल. बंधाऱ्यावरच्या पंपांना आणि नदीतल्या माशांना ते वेळापत्रक मानवेल का, हे कोण विचारणार? विचारायला जागा आहे : वीज अधिनियम २००३ च्या कलम ६४ प्रमाणे दरनिश्चितीचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या हरकती-सूचना ऐकाव्या लागतात. त्या अर्जाची नोटीस वर्तमानपत्रात बारीक टायपात येते. बदलापूरच्या नळाचा त्यात कुठेही उल्लेख नसतो.