तणसातली साखर

भिलाईजवळचं अहिवारा नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींमुळे ओळखलं जातं. पण आसपास शेती आहे ती धानाची. हार्वेस्टर फिरून गेला की तणस, म्हणजे इथला पैरा, बांधीत विखरून पडतो आणि बरेचदा तिथंच पेटवला जातो.

जळते ती साखर. पैऱ्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा सेल्युलोज असतो आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. भोवती लिग्निनचं कवच, वर भाताच्या काडीत सिलिका भरपूर. यीस्टला ही साखर थेट खाता येत नाही. बुरशीला मात्र येते, कारण साखळ्या तोडणारी सेल्युलेज नावाची एन्झाइमं ती स्वतः बाहेर सोडते.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी फौजेचं सुती कापड भराभर कुजू लागलं. त्यातून वेगळी केलेली ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी आजही सेल्युलेजच्या उत्पादनात अग्रेसर आहे. तिची भावंडं तुमच्या ओळखीची आहेत. मर रोगाविरुद्ध हरभऱ्याच्या बियाण्याला चोळतो ती भुकटी ट्रायकोडर्माचीच, आणि अळिंबीच्या वाफ्यावर हिरवी पसरून नुकसान करते तीही त्याच कुळातली.

कारखान्यात पैरा बारीक करून आधी उष्णतेनं सैल करतात, मग सुमारे 50 अंशांवर एन्झाइम घालतात. सुटलेली साखर यीस्ट आंबवतं आणि इथेनॉल तयार होतं. 2022 साली पानिपतला इंडियन ऑइलचा असा प्रकल्प सुरू झाला, पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रावर. वर्षाला सुमारे 2 लाख टन पेंढ्यापासून 3 कोटी लिटर इथेनॉल, हे त्याचं उद्दिष्ट.

अडचण आहे एन्झाइमच्या किमतीची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ 1980च्या दशकातच पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम या दुसऱ्या बुरशीच्या सेल्युलेजवर काम करत होते. बुरशी ओलसर पैऱ्यावरही वाढते, म्हणजे एन्झाइमचा कच्चा माल तोच. शिवाय जीन्स फिकी करणारे कारखानेही सेल्युलेज विकत घेतात; इंधनाचा प्रकल्प येईपर्यंत एन्झाइम बनवणाऱ्यानं हात बांधून बसायला नको.

पैरा हलका आणि जागा खाणारा. दूर न्यायचा तर भाडंच परवडत नाही. म्हणून असे उद्योग शेताजवळच हवेत, असं माझं ठाम मत आहे. तोवर, शेतकरी बंधुभगिनींनो, पैरा जाळू नका. कोरडा असतानाच गंजी घाला, आणि थोड्यावर पैरा फुटू, म्हणजे पैऱ्यावरची अळिंबी, पिकवून पाहा. तीही बुरशीच, आणि तिला बाजार आजच आहे.