पीएच.डी.साठी जमीन विकू नका
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



दरवेळी मी बियाणे, खते आणि तणनियंत्रण यांवर बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. शिवारफेरीत पालक विचारतात, "सर, मुलगी एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. करायची म्हणते. अजून किती वर्षे पैसे घालायचे?" या प्रश्नावर कुठे शिक्षण थांबते, तर कुठे एकरभर जमीन विकायची भाषा सुरू होते. फेलोशिप मिळाली तर दोन्हीची गरज पडत नाही.

पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात. या काळात विद्यार्थ्याला दरमहा मिळणाऱ्या रकमेला फेलोशिप म्हणतात. ते कर्ज नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये व पुढे 42,000 रुपये झाली. घरभाडे भत्ता वेगळा.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. प्रवेश वेगळा आणि फेलोशिप वेगळी. प्रवेश मिळाला म्हणजे पैसे मिळालेच असे नाही.

फेलोशिपचे मार्ग असे :

1) मराठी, इतिहास, अर्थशास्त्र यांसारख्या विषयांसाठी यूजीसी-नेट, तर विज्ञानासाठी सीएसआयआर-नेट परीक्षा.
2) कृषी विषयांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्वतंत्र परीक्षा.
3) पुण्यातील बार्टी व सारथी आणि नागपूरची महाज्योती या राज्याच्या संस्था. कोणत्या समाजघटकासाठी किती जागा, हे त्या-त्या वर्षाच्या जाहिरातीत वाचावे.

आपली मुले शेतीतच संशोधन करतील असे नाही, आणि तसा आग्रहही नको. धुळे-नाशिककडील फड पद्धतीचे उदाहरण घ्या. बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याची ही जुनी रीत. अभियंता त्यातील पाटांचा अभ्यास करील, अर्थशास्त्राचा विद्यार्थी उत्पन्नाचा, इतिहासाचा विद्यार्थी जुन्या कागदपत्रांचा, तर मराठीचा विद्यार्थी पाटकऱ्यांच्या शब्दांचा. पाण्याच्या पाळीवर वाढलेल्या मुलाला असे प्रश्न लवकर उमगतात.

आता काळजीच्या गोष्टी. यूजीसीच्या फेलोशिपला वयाची अट आहे. महिला व राखीव प्रवर्गांना सवलत मिळते. म्हणून एम.ए., एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासूनच परीक्षेची तयारी करावी. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र व बँक खाते आधीच तयार ठेवावे. रक्कम कधी उशिरा जमा होते, तेव्हा काही महिन्यांच्या खर्चाची तजवीज हवी. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी जरूर बोलावे. आणि पैसे घेऊन पीएच.डी. मिळवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

पेरणीची वेळ चुकली की खत घालूनही उतारा भरून येत नाही. अर्जाच्या तारखेचेही तसेच आहे. घरी गेल्यावर मुलीला एवढेच विचारा, "अर्जाची शेवटची तारीख कधी आहे?"