फुप्फुसातील सावली आणि जुनी काचपट्टी



गर्भाशयातील फायब्रॉइडची गाठ बहुधा निरुपद्रवी असते, हे आपण जाणता. क्वचित मात्र शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी त्याच स्नायुपेशींच्या गाठी फुप्फुसात आढळतात. १९३९ साली स्टायनर यांनी या विकाराचे वर्णन केले.

छातीच्या क्ष-किरण चित्रात गोल सावल्या दिसल्या, की आपल्या विदर्भात प्रथम क्षयाची शंका येते, मग कर्करोगाची. आणि सारे घर हादरते. सीटी स्कॅनमुळे आम्हांस गाठींची संख्या, आकार व जागा कळते. त्या सौम्य असल्याचा निर्वाळा स्कॅन एकटा देऊ शकत नाही. त्यासाठी गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, त्यात स्त्री-संप्रेरकांचे ग्राही आहेत का हे तपासावे लागते आणि पूर्वी काढलेल्या गर्भाशयाच्या काचपट्टीशी तो ताडून पाहावा लागतो.

म्हणून कुटुंबीयांना आमची विनंती, की शस्त्रक्रियेचे कागद व पॅथॉलॉजीचा अहवाल जपून ठेवावा. देणगीदारांनी यंत्रांप्रमाणेच या काचपट्ट्यांच्या जतनासही हातभार लावावा. एखाद्या भगिनीची अनावश्यक केमोथेरपी टाळणारा पुरावा त्यांतील एकीवर असू शकतो.