जिवंत माणसाचा भार : रुग्णवाहिकेवरील पहिल्या नोकरीविषयी



वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावरील चिता कधी विझत नाही, असे म्हणतात. दिवसाच्या वा रात्रीच्या कोणत्याही प्रहरी तेथे मृतदेह आला, तरी त्याच्या दहनाची व्यवस्था होते. लाकूड तोलून देणारा, ते वाहून आणणारा, चितेसाठी अग्नी देणारा, क्रियाकर्म सांगणारा, अशी प्रत्येकाची कामे ठरलेली आहेत. डोम समाजातील कुटुंबांच्या पाळ्या पिढ्यान्पिढ्या वाटल्या गेल्या आहेत. पावसाळ्यात गंगेला पूर येऊन खालच्या पायऱ्या बुडाल्या, तर वरच्या ओट्यांवर आणि गच्च्यांवर चिता रचल्या जातात. काम थांबत नाही. मराठी माणसाला हा घाट परका नाही. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तो बांधून काढला, शेजारचा घाट शिंद्यांच्या नावाने ओळखला जातो आणि झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका हेच होते.

मृतांसाठी अहोरात्र जागी असलेली ही व्यवस्था कित्येक शतकांची आहे. जिवंत माणसाला वेळेवर उचलून नेणारी, सर्वांना खुली आणि विनामूल्य अशी व्यवस्था मात्र याच शहरात २०१२ नंतर उभी राहिली. त्या वर्षी उत्तर प्रदेशात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. हैदराबादेत तिचा प्रारंभ १५ ऑगस्ट २००५ रोजी झाला होता. गोव्यात ती २००८ मध्ये आणि महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये आली. नुकतेच प्रशिक्षण संपवून रुग्णवाहिकेवर पहिली नोकरी शोधणारा तरुण ज्या धंद्यात शिरत आहे, त्याचे वय आपल्या देशात केवळ एवढे आहे. त्याच्या पुष्कळशा अडचणींचे मूळ येथेच सापडते.

हा व्यवसाय नवा असला तरी त्यामागील वृत्ती काशीला अपरिचित नव्हती. काशीत मरण आले तर मुक्ती मिळते, या श्रद्धेने दूरदूरचे वृद्ध तेथे येऊन राहत आणि पैसा संपला की रस्त्याच्या कडेला पडून राहत. त्यांचे मरण हे त्यांचे भाग्यच, असे मानण्याची सवय लोकांना जडली होती. १९०० सालच्या जूनमध्ये जामिनीरंजन मजुमदार या तरुणाला अशीच एक मरणोन्मुख वृद्धा दिसली. एका परक्या गृहस्थाकडून चार आणे मागून घेऊन त्याने तिच्या अन्नाची सोय केली. चारुचंद्र दास आणि इतर मित्र त्याला मिळाले आणि अशा निराधारांना उचलून आणून त्यांची शुश्रूषा करणारी एक मंडळी निर्माण झाली. हे सर्व स्वामी विवेकानंदांच्या विचारांनी भारलेले होते. १९०२ मध्ये विवेकानंद काशीस आले, तेव्हा संस्थेच्या नावातील 'साहाय्य' या शब्दाऐवजी 'सेवा' हा शब्द त्यांनी सुचविला. लक्सा भागातील रामकृष्ण मिशनचे सेवाश्रम रुग्णालय ते हेच. या तरुणांपाशी गाडी नव्हती, उपकरणे नव्हती आणि प्रशिक्षणही नव्हते. रस्त्यावर पडलेला माणूस अद्याप जिवंत आहे, एवढे मात्र त्यांनी ओळखले होते.

मृत आणि जिवंत यांच्या वाहतुकीची गल्लत केवळ भारतातच झाली, असे नाही. १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील कितीतरी गावांत अंत्यविधीचा व्यवसाय करणारेच रुग्णवाहिका चालवीत. कारण आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. पिट्सबर्ग शहरात तर रुग्णाला पोलिसांच्या गाडीत घालून नेत. पुनरुज्जीवनाचे तंत्र विकसित करणाऱ्यांपैकी एक अग्रणी डॉ. पीटर सफार यांनी १९६७ मध्ये तेथील हिल नावाच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतून तरुण निवडले. त्यांतील पुष्कळांना कोणी काम देत नव्हते. त्यांना कसून शिकविण्यात आले आणि 'फ्रीडम हाऊस' या नावाने त्यांची सेवा सुरू झाली. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच उपचार सुरू करण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. १९७५ मध्ये नगरपालिकेने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले. परंतु तेथे वैद्यकीय प्रमुख असलेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी पुढे लिहिलेले पाठ्यपुस्तक या क्षेत्रातील विद्यार्थी दीर्घकाळ अभ्यासत राहिले. रुग्णवाहिकेवरील पहिली नोकरी माणसाला आणि त्याच्या व्यवसायाला कशी घडविते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आता आपल्याकडील स्थिती पाहू. नव्या उमेदवारापुढे साधारणतः तीन वाटा असतात. पहिली १०८ सेवेची. ही सेवा शासनाची असली, तरी ती चालविण्याचे कंत्राट खासगी संस्थेकडे असते आणि भरती तीच संस्था करते. गाडीवर दोघेच असतात : चालक, ज्याला तेथे 'पायलट' म्हणतात, आणि ई. एम. टी. म्हणून ओळखला जाणारा आपत्कालीन साहाय्यक. अडचणीच्या वेळी दूरध्वनी केंद्रातील डॉक्टरचा सल्ला मिळतो. महाराष्ट्रात रचना वेगळी झाली. तेथे २०१४ मध्ये ९३७ गाड्यांची योजना आखली गेली आणि गाडीवर डॉक्टर असावा असे ठरले. त्यामुळे केवळ ई. एम. टी. चे प्रशिक्षण घेतलेल्याला तेथे वाव कमी. दुसरी वाट मोठ्या रुग्णालयांच्या, महामार्गांच्या आणि कारखान्यांच्या सेवेची. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष असावा, हा दंडक १९४८ च्या कारखाना अधिनियमापासूनचा आहे. तिसरी वाट रुग्णालयांच्या फाटकाबाहेर उभ्या असणाऱ्या खासगी गाड्यांची. तीत काम लवकर मिळते. परंतु पुष्कळदा प्राणवायूचे एक नळकांडे आणि एक चालक एवढ्यावरच तिला रुग्णवाहिका म्हटले जाते आणि शिकलेले विसरायला फार दिवस लागत नाहीत.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्याने केवळ उत्तरे देऊन परतू नये. काही प्रश्न विचारावेत. सल्ला देणारा डॉक्टर कोण आणि तो रात्री उपलब्ध असतो काय? पाळी किती तासांची? पाळीच्या प्रारंभी प्राणवायू, शोषण-यंत्र आणि औषधे तपासण्याची नोंदवही आहे काय? संस्थेचे कंत्राट केव्हा संपते? हा शेवटचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. २०२१ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशातील रुग्णवाहिका कर्मचारी संपावर गेले, तेव्हा कंत्राट नव्या कंपनीकडे जात असताना जुन्या माणसांच्या नोकरीचे काय, हाच वादाचा विषय होता. त्याच वर्षी संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीचा कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला स्थान मिळाले. व्यवसायाला मान्यता मिळाली खरी. नोकरीला स्थैर्य येणे ही वेगळी गोष्ट आहे.

कामाची खरी परीक्षा मात्र मणिकर्णिकेसारख्या ठिकाणी होते. चौकातून ब्रह्मनाळच्या बोळात शिरले की गाडी मागे राहते. पुढे लाकडांच्या राशी, यात्रेकरू, गुरे आणि एकामागून एक येणाऱ्या तिरड्या. घाटावर शोक करणाऱ्या वृद्धाला हृदयविकाराचा झटका येतो, कोणी पायरीवरून घसरतो, कोणी पाण्यात जातो. अशा वेळी उपचाराचे साहित्य हातात घेऊन चालतच जावे लागते. पायऱ्या चढताना स्ट्रेचरवर रुग्णाचे डोके पुढे ठेवावे, उतरताना पाय पुढे ठेवावेत आणि पट्टे आधी बांधावेत. हृदय थांबले असेल तर घाईने उचलून पळू नये. स्ट्रेचर खांद्यावर असताना छातीवर नीट दाब देता येत नाही. तेथेच, कठीण जमिनीवर, मिनिटास १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि दर ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत श्वास देण्याला अग्रक्रम असतो.

त्याच बोळातून तिरडीही जाते आणि स्ट्रेचरही. भोवतीचे लोक 'आता काय उरले आहे' असे म्हणतात आणि ते म्हणणे नव्या माणसाच्या हातातील बळ काढून घेते. येथे त्याने एक नियम पक्का धरावा. अंग गार लागले, नाडी हाताला लागली नाही, एवढ्यावरून मृत्यू ठरत नाही. आणि मृत्यू घोषित करण्याचा अधिकार डॉक्टरचा आहे, साहाय्यकाचा नाही आणि गर्दीचा तर नाहीच. शरीर ताठरणे, कुजणे अशी निःसंशय लक्षणे दिसत नसतील तर प्रयत्न सुरू करावा आणि केंद्रातील डॉक्टरला कळवावे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काशीत मरण्यासाठीच आलेला माणूस आजही आढळतो. १९५८ पासून चालणारे मुक्तिभवन अशांसाठीच आहे. तेथील कोणाच्या नातलगाने घाबरून गाडी बोलाविली आणि शुद्धीवर असलेल्या वृद्धाने जाण्यास नकार दिला, तर त्याला बळजबरीने उचलणे ही सेवा नव्हे. सज्ञान माणसाला उपचार नाकारता येतात. असाध्य अवस्थेसाठी आधी लिहून ठेवलेल्या इच्छेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची कार्यपद्धती सुलभ केली. परंतु ही इच्छा रुग्णाची असावी लागते. खर्चाला कंटाळलेल्या कुटुंबाची नव्हे. साहाय्यकाने रुग्णाशी स्वतः बोलावे, डॉक्टरला विचारावे, सह्या घ्याव्यात आणि सर्व काही नोंदवावे. निर्णय त्याचा नसतो. निर्णय कोणाचा आहे हे पाहण्याची जबाबदारी मात्र त्याची असते.

मणिकर्णिकेवरील माणसांकडून या नव्या व्यवसायाने शिकण्यासारखे पुष्कळ आहे. येणारा श्रीमंत की दरिद्री, याचा विचार न करता पाळीवर हजर असणे, आपले नेमके काम जाणणे आणि पूर आला तरी ते न थांबविणे, ही शिस्त त्यांनी शतकानुशतके पाळली. समाजाने त्या कामाला मान दिला नाही, हे समाजाचे उणे. रुग्णवाहिकेवर प्रथमच पाय ठेवणाऱ्याने ती शिस्त उचलावी. मात्र जो भार आपण वाहतो तो जिवंत माणसाचा आहे, हे अधिकाऱ्याने सही करीपर्यंत विसरू नये.